उत्तम सोय

पेंटरनं लॉजच्या पाटीला शिडी लावली, तसे धाकटे दीर हातातला चहा तसाच ठेवून बाहेर आले. "वहिनी, आता रंग कशाला? विकायचं ठरलंय ना?"

"तुमचं ठरलंय," निर्मलाताई म्हणाल्या.

शहराच्या मोठ्या स्टेशनासमोरचं हे लॉज नवऱ्यामागे त्यांनीच चालवलं होतं. पहाटेची गाडी असलेल्या गिऱ्हाइकाला दार वाजवून उठवायचं, ही इथली रीत. कुणाची गाडी त्यांनी चुकू दिली नव्हती.

"अहो, समोर बुलेट ट्रेन येणार. सकाळी मुंबईहून निघालेला माणूस कामं उरकून रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपेल. तुमच्याकडे मुक्कामाला कोण राहणार?"

याच विचारानं निर्मलाताईंचा कित्येक दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. काल मात्र त्यांनी तळमजल्यावरच्या सगळ्या खाटा भंगारात देऊन टाकल्या. दिरांनी आत डोकावून पाहिलं. खाटांच्या जागी लांब बाकं मांडलेली होती आणि भिंतीशी नवी कोरी शेगडी.

"हे काय आरंभलंय?"

"झोपू दे की त्याला घरी. दुपारी काय उपाशी राहणार आहे?"

पाटीवर लिहिलेलं होतं, 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. पेंटरनं पहिल्या शब्दावर पांढरा रंग फिरवला आणि वरूनच विचारलं, "ताई, 'व' पण घालवू?"

"घालव. आणि 'जेवणाची' एवढं मोठं काढ, की त्या गाडीतूनसुद्धा वाचता आलं पाहिजे."