न सापडणारा बिघाड

"दहा वेळा किल्ली फिरवली तर किती वेळा लागते?" एका जुन्या पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवून जीवनने विचारले.

हारुनने हातातले फडके उगाच झटकले. आग्रा रोडला लागून त्याची जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीची शेड होती, आणि असल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या जिभेवर तयारच असे. "आठ-नऊ वेळा तर लागतेच," तो म्हणाला.

जीवनचा चेहरा पडला. तो माघारी वळला.

"थांबा, भाऊ." हारुन मागोमाग आला. त्या माणसाचे तोंड इतके ओढलेले होते की थाप मारल्याची हारुनलाच लाज वाटली. "खरं सांगतो. दहातून एकदा लागली तर लागली. लाइट लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ मारला की नुसतं टक करून गप. तीन इलेक्ट्रिशियन झाले. तिघांनी हात टेकले."

"आणि धक्का मारून?"

"चांगला उतार असला तर लागते कधी कधी."

"आमच्या दारात उतार नाही. बोळ आहे, तोही अरुंद."

गिऱ्हाईक गेले, असे हारुनने मनाशी धरले. पण जीवन गेला नाही. त्या पांढऱ्या गाडीला त्याने दोन चकरा मारल्या आणि बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"कुणासाठी घेताय?"

"वडिलांसाठी."

"दवाखान्यात न्यायला?"

जीवनने मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळले नाही. मग मात्र तो बोलत सुटला. घरात ज्याविषयी बोलून बोलून थकायला होते, ते परक्या माणसाजवळ सोपे जाते.

वडील, कोंडाजी, चौतीस वर्षे ट्रकवर होते. पिंपळगावची द्राक्षे थेट दिल्लीपर्यंत नेत. गेल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यातले एकेक गळायला लागले. मुलाचे नाव गेले, सुनेचे गेले. गाडी तेवढी राहिली. माल भरून ठेवलाय, असे म्हणून ते रोज घराबाहेर पडत आणि हायवेवर आपला ट्रक शोधत फिरत. दाराला कडी लावली तर कपाळ आपटून रक्त काढत. गेल्या आठवड्यात कुणाचा तरी उभा टेम्पो त्यांनी पार आडगावपर्यंत पळवला होता. मध्ये शाळा सुटलेली होती. पोरे वाचली ती नशिबाने.

"मी सातपूरला कारखान्यात. प्रतिभा दिवसभर एकटी त्यांच्यामागे पळते. काल म्हणाली, बांधून ठेवू या त्यांना. आणि मग तीच रडत बसली." जीवनने बॉनेटवरची धूळ तळव्याने पुसली. "हारुनभाई, आता खरंच काही सुचत नाही."

"घरची गाडी असली की बरं पडेल," हारुन म्हणाला. "रोज एक चक्कर मारून आणायची. मन रमेल त्यांचं."

दुसऱ्या दिवशी जीवन वडिलांना घेऊन आला. कोंडाजी कुणी काही म्हणायच्या आत स्टिअरिंगवर जाऊन बसले. किल्ली फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. मग खाली उतरून त्यांनी बॉनेट उघडले आणि एकेक वायर बोटांनी चाचपत गेले. ते हात काही विसरले नव्हते.

"लय बारीक दुखणं हाय हे," ते म्हणाले. "जरा थंड होऊ दे तिला. घाई नाय करायची."

पुन्हा आत जाऊन बसले. मार्च महिन्याचे ऊन शेडच्या पत्र्यावर तापत होते. दोन तास झाले तरी म्हातारा जागचा हलला नाही. थोड्या वेळाने किल्ली फिरवावी, कान देऊन ऐकावे, मान डोलवावी. मध्ये एकदा त्यांनी चहा मागितला आणि सगळा प्यायले. जीवन बाजूच्या टायरवर बसून बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"घेतो ही," तो म्हणाला. भावात घासाघीसही केली नाही.

"शनिवारी या. कागद तयार ठेवतो."

हारुनला चैन पडेना. आयुष्यात खूप खटारे त्याने लोकांच्या गळ्यात मारले होते आणि नंतर निवांत जेवलाही होता. पण घायकुतीला आलेल्या माणसाला असली गाडी द्यायची, तीही आजारी बापासाठी, हे त्याच्याने होईना. पुढचे दोन दिवस त्याने दुसरे काम धरले नाही. सीट काढल्या, डॅशबोर्ड खोलला, वायरिंग मोकळे केले. शुक्रवारी दुपारी गालिच्याखाली ती वायर हाताला लागली. वरून धडधाकट, आतून तुटलेली.

शनिवारी जीवन आला तो अर्धमेला होऊनच. कोंडाजींच्या पायाला पट्टी होती. पहाटे कडी काढून ते हायवेच्या मधोमध उभे राहिले होते, हात वर करून ट्रक थांबवत. एका ट्रकवाल्याने कसाबसा ब्रेक मारला.

"आज नेतोच, हारुनभाई. आजची उद्या नको. टोचन करून, ओढत न्यायची सोय केलीय."

"टोचन कशाला?" हारुनला हसू आवरत नव्हते. "बसा, चाचा. मारा सेल्फ."

कोंडाजींनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

"दहातून दहा वेळा," हारुन म्हणाला. "वायरिंगचे पैसेही नकोत. माझ्याकडून वडिलांना."

कोंडाजींनी क्लच दाबला, गिअर टाकला. जीवनने खिडकीतून अर्धे अंग आत घातले, किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि दाराला धरून तसाच उभा राहिला. मग किल्ली काढून त्याने खिशात टाकली. त्याने हारुनला बाजूला नेले.

"भाई, तुमच्या पाया पडतो," तो हळू आवाजात म्हणाला. "ही पुन्हा बिघडवून द्या. आणि अशी बिघडवा, की बाबांना कधीच सापडणार नाही."