शोकेसमधलं कुटुंब

"भावजी, ही खेळणी नातवाला नेते. तुमचं काय वय आहे का कार्टून बघायचं?" थोरल्या वहिनी पिशवी उघडत म्हणाल्या.

दामूअण्णांनी मान डोलावली. टीव्हीवरच्या विनोदी कार्टूनमधलं ते बोटभर उंचीचं कुटुंब त्यांच्या बायकोनं, हेमलतानं हौसेनं जमवलं होतं. रोज भाग संपला, की ती शेवटच्या प्रसंगासारखी त्यांची शोकेसमध्ये मांडणी करायची. ती गेल्यापासून काचेला कुणी हात लावला नव्हता.

वहिनींनी काच सरकवली आणि दामूअण्णांचं लक्ष आत गेलं. आजोबा कुत्र्यामागे लपले होते. बाकीचे पाठमोरे उभे राहून त्यांना शोधत होते. अगदी कालच्या नव्या भागासारखे. तो भाग तर त्यांनी दाराला कडी लावून एकट्यानंच पाहिला होता.

त्यांनी हलकेच काच लावली.

"राहू द्या, वहिनी. तिचं अजून बघून व्हायचंय."