पाण्यावर गेलेला दोरा

दोरा ताणला गेला, तेव्हा आजींनी मानही वर केली नाही. "ओढू नकोस गं, ठमे," एवढेच म्हणाल्या आणि क्रोशाची सुई पुन्हा टाक्यात घातली.

बागेतल्या तळ्याच्या कठड्यावर त्या बसल्या होत्या. शेजारी माळ्याने तळ्यातून कापून उलटे टाकलेले राक्षसी कमळाचे एक पान होते. गाडीच्या चाकाएवढे, आणि पाठीवर शिरांची अशी जाळी, की कुणा कसबी हाताने विणून ठेवावी. आजींना नमुन्यांची पुस्तके कधी लागली नाहीत. बागेत जावे, एखाद्या जुन्या इमारतीच्या नक्षीदार छताखाली उभे राहावे, नजरेनेच टाके बसवावेत आणि तिथल्या तिथे सुई काढावी, ही त्यांची रीत. जाड शिरेला खांबाचा टाका, आडव्या शिरेला साखळीचा. तळहाताएवढे पान विणूनही झाले होते.

दोऱ्याचा गुंडा नातीच्या हातात होता. या घरात मुले सांभाळायची हीच पद्धत होती. ज्याच्या हाती गुंडा, त्याने जागचे हलायचे नाही. म्हणूनच पाणी आणायला निघालेली सून "आई, हिचा हात सोडू नका हं," असे म्हणाली, तेव्हा आजींनी तिला फटकारले होते. "चार पोरं वाढवली मी. मला शिकवू नकोस. जा तू."

दोरा पुन्हा ताणला गेला. या वेळी पाण्याच्या बाजूने.

आजींनी वर पाहिले. दोरा कठड्यावरून उतरून काठाजवळच्या पानावर आणि तिथून पलीकडे गेला होता. पलीकडच्या पानाच्या मधोमध, गुंडा पोटाशी धरून, ठमी उभी होती.

"आजी, बघ! पेललं मला! तूच म्हणालीस ना, एवढी घट्ट वीण हत्तीलासुद्धा पेलेल!"

म्हणाल्या होत्या. थोड्याच वेळापूर्वी, त्या उलट्या पानावरून हात फिरवता फिरवता.

घशाशी आलेली हाक आजींनी गिळली. त्यांच्या हाकेने घरात भिंतीही दचकत; पोर तर जिवाच्या आकांताने धावत सुटली असती. आणि धावणार कुठून? काठाजवळच्या पानाला तिच्या टाचेने भोक पडले होते. ते पान हळूहळू भरत होते.

"ठमे," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "खाली बस बरं. मांडी घालून. हळू."

"फ्रॉक ओला होईल."

"होऊ दे. बस."

ठमी बसली. पान डुगडुगले आणि कडेवरून थोडे पाणी आत आले. त्यांना पोहता येत नव्हते. माळी पार पलीकडच्या काठाला, पाठमोरा. सुनेचा पत्ता नाही. आणि पोर कंटाळली की उठणार. ती एका जागी किती वेळ टिकते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

"आता काय करू?" ठमीने विचारलेच.

आजींनी टाक्यातून सुई काढून घेतली. "दोरा गुंडाळ. सगळा. नीट, सावकाश."

ठमी गुंडाळू लागली. आधी पाण्यावर पडलेला दोरा गेला, मग आजींच्या मांडीवरचे विणकाम उसवू लागले. आजी दोरा बोटांमधून सोडत होत्या. कुठे अडकू नये, पोर पुढे झुकेल एवढाही झटका बसू नये, अशा बेताने. एरवी एक टाका उसवावा लागला तरी त्यांचा दिवस कडू होई. आता एकेक खांब सुटत होता आणि तेवढ्यापुरती ठमी बसून राहत होती. बाहेरची कड गेली. आडव्या शिरा गेल्या.

"आजी, तुझं पान संपत आलं."

"दुसरं करू."

"मग येऊ मी?"

"संपल्याशिवाय उठायचं नाही!" आवाज चढलाच. ठमी दचकली, पान एका अंगाला कलले. आजींनी डोळे मिटले. उघडले, तेव्हा ती होती. ओठ काढून गुंडाळत होती. पाणी तिच्या मांडीवर आले होते.

हातात बटणाएवढी चकती उरली होती.

मागे बाटली पडल्याचा आवाज झाला. आजींनी मान न वळवता एक हात वर केला. कठड्याला धरून सून पाण्यात उतरली. पाणी कमरेला लागले, मग छातीला. पानांखालचे काटे तिचे दंड ओरबाडत होते.

"अय्या, आई कपड्यांसकट!" ठमी हसली.

शेवटचा टाका सुटला. ठमी उठायला गुडघ्यांवर आली आणि पान फाटले.

क्षणभर पाण्यावर काहीच दिसले नाही. मग सुनेचे डोके वर आले, आणि तिच्या खांद्याशी खोकणारी, रडणारी ठमी.

माळी धावत आला. माणसे जमली. कुणी म्हणाले, पोरीला आधी कोरडं करा. कुणी विचारले, बरोबर कोण होतं हिच्या? ठमीला माळ्याच्या उपरण्यात गुंडाळून सुनेने छातीशी धरले होते. ओला गुंडा अजून पोरीच्या हातात होता आणि दोऱ्याचे दुसरे टोक आजींच्या बंद मुठीत.

"आई," सून म्हणाली, "सोडा आता. आहे ती माझ्याकडे."

आजींना मूठ उघडता येईना. सून त्यांच्यापुढे जमिनीवर बसली आणि एका हाताने त्यांचे एकेक बोट उलगडू लागली.