धोंडुबाईचं मत

आटपाडीजवळच्या वाडीचे सरपंच वीस वर्षांनी थकून बाजूला झाले आणि रिकाम्या खुर्चीसाठी लालासाहेब नि नानासो भिडले. सभेत दोघांनाही चार-चार हात मिळाले. उरली पंचायतीतली एकमेव बाई, धोंडुबाई. तिचा नवरा अर्जुना चावडीबाहेर खिडकीशी उभा होता. "तुमचं मत?" अधिकाऱ्यानं विचारलं. धोंडुबाई उठली. "बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडत हुतो, तवा ही दोघं टँकर आधी कुणाच्या दारात, म्हणून भांडत हुती. माजंच नाव लिवा." लालासाहेबाला वाटलं, नानासोपेक्षा ही बरी. नानासोलाही तसंच वाटलं. आठही हात वर गेले. घराकडं जाताना धोंडुबाई ओढ्यापाशी थबकली. "आवं, आता मेंढरं कोण राखणार?" "मी राखतो की. तुमी बिनघोर जावा, सरपंचबाई," अर्जुना म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं बायकोला 'तुमी' म्हटलं आणि ती लाजली.