वेलचीचं दूध

सकाळी सात वाजता वन्संनी दुधाचा पेला सुनेत्राच्या हातात दिला आणि ती पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. सुनेत्राच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढल्यापासून नवऱ्याची ही थोरली बहीण तिच्या सेवेला आली होती. दुधाला रोज वेलचीचा वास येई आणि तळाशी बारीक दाणे उरत.

"वन्सं, यात काय घालता?"

"विष घालते! पी मुकाट्यानं."

त्या आंघोळीला गेल्यावर सुनेत्रानं फडताळ उघडलं. डाळीच्या डब्यांमागे वेलचीच्या वासाचा, दाणेदार शतावरी कल्प होता. बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात, तो. मागे का ठेवला होता?

दुपारी तिनं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "तुमच्या गाठीच्या पेशींना इस्ट्रोजेन मिळालं, की त्यांच्यातली निजलेली जनुकं जागी होतात आणि पेशी वाढू लागतात. तुमची गोळी त्या इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते. शतावरीत इस्ट्रोजेनसारखे घटक असतात, त्यांनी काय होईल, मला खात्रीनं सांगता येणार नाही. बंद करा."

घरी तिनं ते सांगितलं. वन्संचा चेहरा उतरला.

"डॉक्टरांना काय कळतंय! दोन्ही बाळंतपणांत मी यावरच उभी राहिले गं," असं पुटपुटत त्या कल्पाचा डबा घेऊन बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सात वाजता पेला पुन्हा समोर आला.

"नुसती वेलची घातलीय हो," वन्सं म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

सुनेत्रानं पेला नाकाशी नेला. वास कालचाच होता. तळाशी दाणे आहेत की नाहीत, हे दूध संपल्यावरच कळणार होतं.