मास्तरांचं उत्तर

दंगल शमल्यावर दस्तगीर मास्तरांनी हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांना वाचनालयात एकत्र बसवलं. मुसलमान समाजाच्या सुधारणेसाठी जन्मभर झिजलेले मास्तर म्हणाले, “मनात असेल ते तोंडावर बोला.”

बापू कोष्टी उठले. “तुमच्या गल्लीतल्यांनी माझे माग जाळले. तेव्हा तुम्ही कुठं होता, मास्तर?”

परगावी होतो, असं सांगून सुटता आलं असतं. पण मास्तर म्हणाले, “घरातच होतो. खिडकीतून पाहत होतो. जाळणाऱ्यांत माझे विद्यार्थी होते. हाक मारली असती तर कदाचित थांबले असते. पण मी भ्यालो.”



“माफ करणं जमायचं नाही मला,” बापू म्हणाले. “पण पुढच्या सभेला माझ्या थोरल्याला घेऊन येतो. दर्ग्यावर दगड टाकणाऱ्यांत तो होता.”