काटा

टेम्पोत लोखंडी कपाट चढलं तेव्हा तेकसेंग फायलीच्या नवव्या पानावर होता. फाईल एकतीस पानांची होती आणि टेम्पो अर्धा भरला होता. घाई करायला हवी होती.

समोरचा घड्याळजी बुनहाई आज तैनान शहर सोडून लेकीकडे कायमचा निघाला होता. तो जायच्या आत त्याला गल्लीदेखत उघडं पाडायचं, हे तेकसेंगने सकाळीच चार जणांना सांगून ठेवलं होतं. चव्वेचाळीस वर्षं तो या माणसाशी धड बोलला नव्हता. त्याआधी रोज संध्याकाळी त्याच्याच दुकानात चहा पीत बसायचा आणि साऱ्या जगाची उठाठेव करायचा. मग एक दिवस पोलिसांनी त्याला शाळेतून उचललं आणि दोन दिवस बसवून ठेवलं. सोडताना साहेब हसत म्हणाला, "मास्तर, तुम्ही टीव्हीबद्दल काय बोलता, तेसुद्धा आम्हाला कळतं." टीव्हीबद्दल तेकसेंग बोलला होता तो घड्याळाच्या दुकानात. झालं. त्या दिवसापासून त्याने दुकानाची पायरी सोडली.

तेव्हापासून त्याचा कशावरच विश्वास उरला नाही. मोबाईल तो बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा आणि डब्यावर उशी. गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा बसल्यापासून भर थंडीतही छत्री उघडून भाजीला जायचा. निवडणुकीत उमेदवार कागदी रुमालांची पाकिटं वाटत, तीही घ्यायचा नाही. कोणी घेतली आणि कोणी नाही, याची ते नोंद ठेवतात म्हणे. नातीने कौतुकाने आणलेला बोलका स्पीकर त्याने तांदळाच्या पिंपात पुरला होता. "बसू दे तांदळाच्या गप्पा ऐकत," म्हणाला.

आता जुन्या हुकूमशाही राजवटीत पोलिसांनी माणसांवर ठेवलेल्या फायली खुल्या झाल्या होत्या; ज्याची त्याला अर्ज करून मागवता येत होती. त्याची आज सकाळीच पोस्टाने आली. खबऱ्याचं नाव काळ्या शाईने झाकलं होतं, पण टोपणनाव शाबूत होतं. काटा. तेकसेंगने मांडीवर थाप मारली. घड्याळवाल्याला दुसरं काय नाव ठेवणार?

"काटा! ऐकलंस का?" तो स्वयंपाकघराकडे ओरडला. "मी म्हणत नव्हतो?"

सिउलियन, त्याची बायको, पेजेसाठी मासा साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

तो पुढे वाचू लागला. "सदर इसम म्हणतो, घरोघरी टीव्ही आला की माणसं शेजाऱ्याकडे जायची बंद होतील." बरोबर, म्हणाला होता. "सदर इसम म्हणतो, रस्त्यावरचे नवे दिवे उत्तम आहेत. सरकारचे आभार मानतो."

आभार? तेकसेंग थबकला. उभ्या जन्मात त्याने सरकारचे आभार मानले नव्हते. दुकानात तर तो म्हणाला होता की मतं मोजायची कशाला, ती आधीच मोजलेली असतात. बड्या साहेबांच्या नकला केल्या होत्या. त्यातलं एक जरी वाक्य इथे असतं, तरी दहा वर्षं आत गेला असता. आतापर्यंतच्या पानांत त्यातलं अक्षरही नव्हतं. बुनहाईने ते का गाळलं? यातही काही डाव असणार.

खाली शिडी चढवल्याचा आवाज आला. त्याने भराभर पानं उलटली.

"सदर इसम म्हणतो, कपडे धुण्याचं यंत्र बायकांना आळशी करील. तरी बायकोच्या हातांना भेगा पडल्या आहेत, म्हणून एक घ्यायचा त्याचा विचार आहे."

असा विचार त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता. घरात यंत्र आलं ते त्यानंतर अकरा वर्षांनी, तेही लेकीने आणलं. आणि भेगा? त्या घड्याळजीला कुठून दिसणार? त्या खुद्द तेकसेंगलाच कधी दिसल्या नव्हत्या.

टीव्हीबद्दल तो घरीही बोलायचा. रोज, जेवताना.

त्याने मान वळवली. सिउलियन चिमट्याने माशातला काटा ओढून काढत होती. शेजारच्या बशीत काट्यांचा ढीग साचला होता.

"तू?"

"ते लोक आले तेव्हा मी हेच करत बसले होते," ती म्हणाली. "नाव त्यांनीच ठेवलं. म्हणाले, तू नाही लिहिलंस तर दुसरं कोणी लिहील. दुसऱ्याने खरं लिहिलं असतं हो. दोन दिवसांत सुटलात, ते उगाच नाही."

"आणि हे यंत्राचं?"

"महिन्याला दोन पानं भरायची असायची. तुमचं बोलणं तर लिहिण्यासारखं नसायचं. मग मला जे ऐकावंसं वाटायचं, ते लिहायची."

तेकसेंगला राग यायला हवा होता. आली ती लाज. तिच्या हातांकडे बघायचंही त्याला धाडस होईना.

"बुनहाई भावोजींना मी तेव्हाच जाऊन खरं काय ते सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही त्यांची पायरी सोडलीत, त्याच आठवड्यात."

खाली टेम्पोचं इंजिन सुरू झालं.

तो फाईल काखेत मारून जिना उतरला. तमाशा बघायला सगळी गल्ली दारात उभी होती. बुनहाई ड्रायव्हरशेजारी बसला होता, मांडीवर भिंतीवरचं जुनं घड्याळ घेऊन. तेकसेंगने काच ठोठावली. ती खाली आली तसा तो वाकला आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "तुला ठाऊक होतं. इतकी वर्षं माझ्या शिव्या खाल्ल्यास. एकदा तरी बोलायचंस रे!"

बुनहाईने वर बघितलं. खिडकीत सिउलियन हात पुसत उभी होती.

"बोललो असतो," तो म्हणाला, "तर तू जेवला कुठं असतास?"